हिरकणी कक्षातली सकाळची बाटली

१

"मॅडम, सकाळची बाटली परत रिकामी आहे," सोनिया फोनवर म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी तेव्हा गारखेड्यातल्या माझ्या घरी मेथी निवडत बसले होते. कामगार खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात घालवलेल्या बाईला निवृत्तीनंतर जग दोनच कामं देतं: मेथी निवडायची आणि कुठल्यातरी समितीवर बसायचं. शहराबाहेर चितेगावातल्या एका वायरिंगच्या कारखान्यात महिलांच्या तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. तिथला चहा बरा असतो आणि मला तो पुढंही प्यायचाय.

सोनिया त्या कारखान्यात लाईनवर काम करते आणि माझ्याच गल्लीत राहते. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परतली, तेव्हा तिची ओवी जेमतेम वरणाचं पाणी चाटायला लागली होती. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यायचा, असं कायदा सांगतो. पण बाळ गारखेड्यात सासूपाशी आणि आई चितेगावात, तर पाजायचं कुणाला? गोष्टीतल्या हिरकणीला निदान उतरायला कडा तरी होता. सोनियापुढं कंपनीचं गेट होतं. म्हणून ती कारखान्यातल्या हिरकणी कक्षात बसून दूध काढायची, बाटलीत भरून तिथल्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवायची आणि संध्याकाळी घरी न्यायची. दुसऱ्या दिवशी सासूबाई तेच ओवीला पाजायच्या.

आणि आता कुणीतरी ते दूध पळवत होतं.

"मी उद्या राजीनामा देते," सोनिया म्हणाली. "रडून रडून दूधच कमी झालंय मॅडम. पोरगी पावडरचं दूध घेत नाही, थुंकून टाकते. नोकरी करू का तिला जगवू?"

मी मेथी तशीच ठेवली. नोकरीत माझ्या हाताखालून बरेच चोर गेले असतील, पण तान्ह्या लेकराच्या तोंडचं दूध पळवणारा मला अजून भेटला नव्हता. त्याचं तोंड बघायची मला घाई झाली.

२

कारखान्याचे मॅनेजर बद्रीनाथ काळे मला गेटवरच भेटले. माणूस वाईट नाही, पण भानगड दिसली की तिच्यावर झाकण घालायचं, एवढंच त्यांना शिकवलंय.

"मॅडम, उद्या दुपारपर्यंत काय ते बघा. नाहीतर मी त्या खोलीला कुलूप घालतो. बाटल्या नकोत आणि बोंबाबोंबही नको."

"खोली तुम्ही हौसेनं दिली नाही काळेसाहेब. मी दोन वर्षं डोकं खाल्लं तेव्हा दिलीत," मी म्हटलं. "कुलूप तुमच्याकडंच राहू द्या."

हिरकणी कक्ष म्हणजे स्टोअरच्या मागची जुनी खोली. एक खुर्ची, एक पडदा, हात धुवायचं बेसिन आणि फ्रीज. मागच्या खिडकीतून कुंपणाजवळचा उंबर दिसतो. खोलीला कडी होती ती फक्त आतून. कुणीही, केव्हाही येऊ शकत होतं.

सोनियानं मला फ्रीज उघडून दाखवला. सकाळची बाटली रिकामी. दुपारी नुकतीच काढून ठेवलेली बाटली मात्र भरलेली, पांढरीशुभ्र.

"रोज सकाळचीच जाते?"

"रोज. दुपारचीला हातसुद्धा लावत नाही."

मी रिकामी बाटली वर करून बघितली, आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. बाटली लख्ख धुतलेली होती. नुसती विसळलेली नव्हे, तर कढत पाण्यानं धुऊन, पालथी घालून वाळवून, झाकण नीट बसवून परत जागेवर ठेवलेली. बुडाशी दुधाचा ओशटपणा औषधालाही नव्हता. बेसिनला मात्र दुधाचा वासही नव्हता, आणि त्याच्या नळाला कधी कढत पाणी येत नव्हतं.

"हा कसला चोर गं?" मी म्हटलं. "माझी कामवालीसुद्धा इतकं चांगलं घासत नाही."

सोनिया हसली नाही. "मधी एक दिवस मात्र वाचली बाटली. त्या दिवशी माझा जीवच थाऱ्यावर नव्हता. पाणी प्यायच्या निमित्तानं सारखी यायचे, बाटली हातात घेऊन हलवून बघायचे, खरंच दूध आहे ना म्हणून. चोर घाबरला असंल."

"जेवणाच्या सुट्टीत पण आलीस?"

"नाही. तेव्हा कॅन्टीनला होते."

म्हणजे जेवणाच्या सुट्टीत खोली रोजच्यासारखीच रिकामी होती. ज्याला चोरायचं होतं त्याला पुरेसा वेळ होता. तरी त्यानं त्या दिवशी बाटली सोडली. घाबरून सोडली, हे माझ्या गळी उतरेना.

एवढ्यात सोनियानं दार लोटलं आणि आवाज बारीक केला. "मॅडम, एक सांगू? काल जेवणाच्या सुट्टीत या खोलीतून एक जण बाहेर पडताना मी लांबून बघितलं."

३

ती संध्या होती. संध्या ठेकेदाराकडून आलेली, सोनियाच्याच लाईनवरची. तिच्याआधी मी प्रणयला बोलावलं, कारण सगळ्यांचं बोट त्याच्याकडं होतं. प्रणय हा लाईनचा सुपरवायझर. सोनिया दूध काढायला उठली की तो घड्याळाकडं बघतो, ही तक्रार माझ्यापर्यंत आधीच आलेली होती.

"बघतो," त्यानं सरळ कबूल केलं. "ती उठली की तिच्या जागी मला बसावं लागतं मॅडम. माझी बोटं जाड, ती बारीक पिन माझ्याच्यानं बसत नाही. पोरी हसतात."

"म्हणून दूध ओतून दिलंस?"

तो इतका लाल झाला की मलाच वाईट वाटलं. "मॅडम, त्या खोलीसमोरून जाताना मी मान खाली घालून जातो. आत जायची माझी हिंमत आहे का? आईनं तंगडं मोडलं असतं."

खोटं बोलणाऱ्या माणसाला आई इतक्या पटकन आठवत नाही. त्याला मी जाऊ दिलं.

संध्या आली ती पदर सावरत. मी तिच्यासाठी चहा मागवला. कप समोर आला तशी तिनं तोंड फिरवलं आणि रुमाल नाकाला लावला.

"काल जेवणाच्या सुट्टीत हिरकणी कक्षात गेली होतीस?"

"नाय मॅडम. मी कशाला जाऊ? मला काय तान्हं लेकरू आहे का?"

"नाही का?"

"नाय." तिचा हात आपसूक ओटीपोटावर गेला आणि तिनं तो झटकन काढून घेतला.

मी चहाचा कप माझ्याकडं ओढला आणि तिला लिंबू-सरबत मागवलं. ते ती घटाघटा प्यायली. ती खोटं बोलत होती यात शंका नव्हती. पण कशाबद्दल खोटं बोलत होती, तेही मला आता कळलं होतं. त्याचा दुधाशी संबंध नव्हता. तिला दुपारी जरा आडवं व्हायला जागा हवी होती, आणि का हवी होती ते ठेकेदाराला कळू द्यायचं नव्हतं. काम जाईल या भीतीनं बाई पोटातलं लेकरूसुद्धा चोरून वागवते, हे बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण ते नंतर.

"खोलीत गेलीस तर जाऊ दे," मी म्हटलं. "फक्त एवढंच सांग, तू होतीस तेव्हा अजून कोण आलं होतं?"

संध्यानं खाली बघितलं. "दगडाबाई मावशी. पण त्या तर फरशी पुसायला येतात. मला झोपलेली बघून पडदा ओढून देतात."

४

दगडाबाई मूळच्या सोयगावकडच्या. नवऱ्याची मेंढरं होती तोवर रानोमाळ हिंडल्या. मेंढरं विकली आणि लेकामागं शहरात आल्या. आता कारखान्यात झाडलोट करतात. सगळ्या पोरी त्यांना मावशी म्हणतात, आणि कुणाचं डोकं दुखलं तर त्यांच्यापुढं जाऊन बसतात.

त्या मला मागच्या अंगणात सापडल्या, उंबराखालचा पाला गोळा करताना. मी पायरीवर बसले.

"मावशी, सोनियाचं दूध कोण नेतंय, काही कळलं का?"

"मला काय कळायचं बाईसाहेब." खराटा थांबला नाही. "पोरगी लई रडायली. तिला म्हनावं रडू नको. रडलं की दूध आटतं."

"तुम्ही मेंढरांमागं असताना तुमची लेकरं कशी सांभाळलीत?"

हे मी सहज विचारलं होतं. पण खराटा थांबला आणि मावशींचा आवाज मऊ झाला.

"झोळीत. एक पाठीला, एक पालावर म्हातारीपाशी. पालावर परत आलं की आधी पहिली धार भुईला द्यायची, झाडाच्या बुडाशी. उन्हात हिंडून तापलेलं दूध असतंय ते, पारोसं. मंग लेकराला घ्यायचं. आईचं दूध कुठंबी सांडू नये बाईसाहेब. मोरीत तर नायच नाय. कुणाचा पाय पडला तर पाप लागतंय."

"आणि कुणाचं दूध खराब असलं तर? तिला सांगायचं?"

"व्हय, सांगतंय कोन!" त्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. "आईच्या तोंडावर तिच्या दुधाला नाव ठेवायचं नसतंय. तिनं ऐकलं की तिचा पान्हाच जातोय. मुकाट्यानं काय ते करायचं."

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. पाल्याची टोपली उचलून निघून गेल्या.

मी तिथंच बसून राहिले. उंबराच्या बुडाशी माती ओली होती. दिवाळी होऊन बरेच दिवस झाले होते, पावसाचा मागमूस नव्हता आणि कुंपणालगत पाण्याचा नळही नव्हता. एक भुरं मांजर तिथल्या दगडाला मन लावून चाटत होतं. मी हाकललं तरी ते हललं नाही.

चोर सापडला की मला आनंद होतो, पण आज झाला नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनियानं बाटली ठेवली आणि मी फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसले. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत कुणाला आत येऊ दिलं नाही. मग सगळ्यांना बोलावलं. काळेसाहेब हातात कुलूप घेऊनच आले. प्रणय दाराबाहेरच उभा राहिला, मान खाली. संध्या भिंतीला टेकली. दगडाबाई कोपऱ्यात, टोपली काखेत, पदर तोंडाला लावून.

मी बाटली बाहेर काढली आणि उजेडात धरली.

कालची दुपारची बाटली पांढरीशुभ्र होती. ही मात्र दोन रंगांची दिसत होती. वर पिवळसर दाट थर, आणि खाली निळसर, पाण्यासारखं पातळ.

"ई!" काळेसाहेब म्हणाले. "हे तर फाटलंय."

दगडाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"सोनिया," मी विचारलं, "हे असं ओवीला पाजशील?"

"हो की." तिला प्रश्नच कळला नाही. "आईचं दूध गार झालं की तासा-दोन तासांत असंच होतं, साय वर येते. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलंय. कोमट पाण्यात धरायचं आणि हळूच फिरवायचं."

"फिरव बरं."

मी कॅन्टीनमधून कोमट पाण्याचं भांडं आणवलं होतं. सोनियानं बाटली त्यात धरली, जरा वेळानं बाहेर काढली आणि मनगटानं गोल गोल फिरवली. थर विरला, निळसरपणा गेला. बघता बघता सगळं दूध एकसारखं, पांढरंशुभ्र झालं.

कोपऱ्यात टोपली पडली. दगडाबाई खाली बसल्या होत्या.

"म्हंजे..." त्या म्हणाल्या, "म्हंजे ते नासलेलं नव्हतं?"

६

सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता, म्हणून मीच बोलले.

"दुष्टाव्यानं करणाऱ्यानं दोन्ही बाटल्या नेल्या असत्या. ह्या माणसानं फक्त सकाळची नेली, कारण दुपारपर्यंत तिच्यात साय वर आलेली असायची. दुपारची ताजी असायची, म्हणून ती वाचायची. मधला तो एक दिवस सोनिया बाटली सारखी हलवत होती, म्हणून थर आलाच नाही आणि तीही वाचली. चोर घाबरलेला नव्हता. त्या दिवशी त्याला दूध चांगलं दिसलं, एवढंच. बाटली कॅन्टीनमधल्या कढत पाण्यानं धुतली जायची, म्हणजे ओवीला काही होऊ नये ही काळजी. बेसिनला दुधाचा वास नव्हता, म्हणजे आईचं दूध मोरीत ओतायला हात धजला नाही. ते उंबराच्या बुडाशी गेलं. हे फक्त अशाच माणसाला सुचेल, ज्यानं जन्मभर मेंढरांचं दूध हाताळलंय आणि फाटलेलं दूध लांबून ओळखलंय. फक्त हे मेंढराचं नव्हतं."

"मावशी, तुम्ही?" सोनिया ओरडली. "माझी पोरगी भुकेली रडत होती हो! मला विचारायचं तरी होतं!"

"कसं इचारू बाय?" दगडाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "तुला म्हनू का, तुझं दूध नासकं निघतंय? ऐकलं असतं तर पान्हा गेला असता तुझा. माझं पहिलं लेकरू नासक्या दुधानं गेलंय. मी आजारी पडले, कुणीतरी मेंढीचं दूध पाजलं, उन्हात राहिलेलं. हगवण लागली. दवाखाना लांब होता. तुझी बाटली बघितली की मला तेच दिसायचं. म्हनलं, आपन ओतून द्यावं. पोरगी वाचंल, आईबी वाचंल."

सोनियाला राग आला होता, आणि तो खोटा नव्हता. तिनं बाटली छातीशी धरली आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मी मध्ये पडले नाही. काही राग दुसऱ्यानं समजावून जात नाहीत.

काळेसाहेबांनी कुलूप वर केलं. "चला, मिटलं. ह्यांना कामावरून कमी करतो आणि खोली बंद..."

"खाली ठेवा ते," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला. चढू दे. "खरी चूक कुणाची ते आता ऐका. हे दूध बाटलीत का आहे? ओवी गारखेड्यात आहे म्हणून. ओवी गारखेड्यात का आहे? तुमच्याकडं पाळणाघर नाही म्हणून. पन्नास माणसं कामाला असली की पाळणाघर द्यावं लागतं, आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाऊ द्यावं लागतं. हे माहीत नाही?"

"आमची कायमची माणसं पन्नासच्या आत आहेत मॅडम."

"आणि ठेकेदाराची? ती काय भुतं आहेत? तुमच्याच लाईनवर बसतात, तुमच्याच वायरी बांधतात. त्यांना धरून आकडा कधीच पुढं गेलाय. मी गेटवर उभी राहून मोजू का?"

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"मोजा मॅडम." संध्या होती. चेहरा पांढरा पडला होता, पण ती उभी राहिली. "मोजताना मला पण धरा. मलाबी लागणार आहे ते पाळणाघर. उन्हाळा संपता संपता." मग तिनं दाराकडं बघितलं. "ठेकेदाराला सांगायचं तर सांगा."

"पोटुशी आहे म्हणून कुणाला काढलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे," मी म्हटलं. "आणि कायद्याशीही, पण आधी माझ्याशी."

दाराबाहेर प्रणयनं घसा खाकरला. "संध्याताईंच्या जागी मी बसत जाईन. पिन बसवायची सवय होतेय आता," तो म्हणाला, आणि बायकांमध्ये हशा पिकला. सोनियासुद्धा हसली असावी, कारण तिचे खांदे हलले. पण ती वळली नाही.

७

काळेसाहेबांना पाळणाघर उघडायला फाल्गुन उजाडला. मध्ये मी किती चहा प्याले आणि किती वेळा भांडले ते विचारू नका. हिरकणी कक्षाला लागून असलेली स्टोअरची खोली रिकामी झाली. भिंतींना रंग लागला, पाळणे आले, शिकलेली एक ताई आली. दगडाबाईंची नोकरी राहिली, पण त्यांनी हिरकणी कक्षात पाऊल टाकणं सोडलं होतं. दारातूनच खराटा फिरवायच्या. फ्रीजकडं तर बघायच्याही नाहीत. सोनिया राजीनाम्याचं बोलली नाही. ती दगडाबाईंशीही बोलली नाही.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले. सोनिया ओवीला कडेवर घेऊन आली. पोरीला दोन दात आले होते आणि ती माझा चष्मा ओढायला बघत होती. पाळणाघराच्या दारात सोनिया थांबली. ताई हात पुढं करून उभी होती. सोनियानं इकडंतिकडं बघितलं आणि अंगणाकडं हाक मारली.

"मावशी!"

दगडाबाई उंबराखालून आल्या आणि लांबच थांबल्या.

"ह्या पोरीला नवं माणूस बघून रडू येतं," सोनिया म्हणाली. "जरा वेळ तुम्ही घ्या."

"माझ्या हातात नको बाय."

"तुमच्याच हातात."

दगडाबाईंनी हात पदराला पुसले, परत पुसले, आणि मग ओवीला घेतलं. ओवीनं त्यांच्या कपाळावरचं कुंकू बोटानं नाकापर्यंत ओढलं. दगडाबाईंनी तिला छातीशी धरलं आणि कुणाला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडं केलं. मलाही तेव्हा चष्मा पुसावा लागला, आणि तो ओवीनं खराब केला नव्हता.

दूध पाजायच्या सुट्टीत सोनिया लाईनवरून आली, हात धुतले, ओवीला घेतलं, पडदा ओढला. जरा वेळानं पडद्याबाहेर तिचा हात आला. हातात वाटी होती. वाटीत चार थेंब.

"मावशी, पहिली धार आहे. मॅडमनी सांगितलंय मला तुमच्या पालावरचं. सिस्टर म्हणतात ती काढावी लागत नाही, पण असू द्या," ती आतून म्हणाली. "उंबराला घाला."

दगडाबाईंनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, आणि एकही थेंब सांडू नये म्हणून पावलापावलानं चालत उंबराकडं गेल्या. मांजर आधीपासूनच तिथं येऊन बसलं होतं.